सर्वांत वाईट निवड कोणती?



वसंत व्याख्यानमालेच्या ज्या व्यासपीठावरून अर्थकारण, तत्त्वज्ञान, संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जातात, तेथे आम्ही आज रग्बी नावाच्या एका परक्या खेळावर बोलावयास उभे राहिलो आहोत, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. त्यातही विषय असा की, एका देशाच्या राष्ट्रीय संघात आजवर आलेला सर्वांत वाईट खेळाडू कोणता आणि निवड समितीने केलेली सर्वांत वाईट निवड कोणती. हा तर कट्ट्यावरचा वाद, त्याला व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, माणसे निवडण्याचे काम केवळ मैदानावर होत नाही. शाळेसाठी शिक्षक, कचेरीसाठी कारकून, संस्थेसाठी पदाधिकारी हे सारे कोणीतरी निवडीतच असतात. पण ती निवड बंद दाराआड होते आणि तिचे फळ दिसावयास वर्षे लागतात. खेळात ते ऐंशी मिनिटांत, हजारो लोकांच्या देखत दिसते. म्हणून निवडणाऱ्याचा दोष कोठे सुरू होतो आणि खेळणाऱ्याचा कोठे संपतो, हे पाहावयाचे असेल तर मैदानासारखी दुसरी जागा नाही.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. रग्बीत दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा गडी असतात. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळता येते, पायाने पुढे मारता येतो; पण हाताने द्यावयाचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की 'ट्राय' होतो. प्रतिपक्षाने नियमभंग केला तर पेनल्टी मिळते आणि दोन उंच खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारून गुण मिळविता येतात. आपल्या देशाशी या खेळाचा एक जुना धागाही आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बीचा क्लब १८७८ साली मोडला, तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडविण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश त्या 'कलकत्ता कप'साठी आजही झुंजतात.

आपण मात्र इंग्लंडकडे न जाता न्यूझीलंडकडे जाऊ. या देशाची लोकसंख्या सुमारे पन्नास लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. पण रग्बीत या चिमुकल्या देशाने साऱ्या जगाला धाक घातला आहे. काळा पोशाख घालून खेळणाऱ्या तेथील राष्ट्रीय संघास 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात. शंभराहून अधिक वर्षांत हा काळा पोशाख ज्यांना मिळाला अशा खेळाडूंची संख्या बाराशेच्या थोडी वर आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या अकरा जणांवरून घरोघरी जसे खटके उडतात, तसे तेथे या पंधरा जणांवरून उडतात. जिंकल्यावर फारसे कोणी बोलत नाही. हरल्यावर मात्र प्रत्येक घरात एकेक निवड समिती बसते, आणि मग प्रश्न निघतो की, या पोशाखाला सर्वांत कमी लायक असा गडी कोण होऊन गेला?

या प्रश्नाला २०१० साली तेथील पुष्कळ लोकांपाशी एकच उत्तर होते. ते म्हणजे स्टीफन डोनाल्ड.

हा वायकाटो प्रांताचा गडी. डॅन कार्टर हा त्या काळातील जगातला अव्वल खेळाडू ज्या जागी खेळे, त्याच जागेचा हा राखीव खेळाडू. ३० ऑक्टोबर २०१० रोजी हाँगकाँग येथे ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. उत्तरार्धात न्यूझीलंड चोवीस विरुद्ध बारा असे आघाडीवर होते. कार्टरला विश्रांती देऊन डोनाल्डला उतरविले. आघाडी घसरू लागली. शेवटच्या क्षणी चेंडू मैदानाबाहेर घालविला असता तर सामना तेथेच संपला असता. पण डोनाल्डने मारलेला चेंडू बाहेर गेला नाही. ऑस्ट्रेलियाने तो उचलला, ओकॉनरने ट्राय केला, त्यानंतरची किकही त्यानेच साधली आणि सामना २६-२४ असा ऑस्ट्रेलियाने जिंकला. मग काय विचारता! डोनाल्डचे नाव ही एक थट्टेची गोष्ट होऊन बसली. पुढच्या वर्षी विश्वचषक न्यूझीलंडमध्येच व्हावयाचा होता. त्याच्या संघात डोनाल्डचे नाव आले नाही, आणि त्याबद्दल हळहळ वाटलेली माणसे फार थोडी असावीत.

आता पुढे काय झाले ते ऐका. विश्वचषक सुरू झाला आणि कार्टर सरावात जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपान्त्यपूर्व सामन्यात जायबंदी झाला. आता उरला एकटा ॲरन क्रूडन. त्याच्या पाठीशी कोणीतरी हवे म्हणून प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री याने डोनाल्डची आठवण केली. डोनाल्ड त्या वेळी वायकाटो नदीवर बारीक मासळी पकडीत होता, आणि त्याला फोनवर गाठणेही सोपे गेले नाही. २३ ऑक्टोबर २०११ रोजी ऑकलंडला फ्रान्सविरुद्ध अंतिम सामना झाला. पूर्वार्धातच क्रूडनचा गुडघा गेला आणि डोनाल्ड मैदानात आला. त्याच्या अंगावरचा पोशाखही त्याला धड बसत नव्हता. संघाचा नेहमीचा किक मारणारा पिरी वीपू त्या दिवशी वारंवार चुकत होता. उत्तरार्ध सुरू होताच पेनल्टी मिळाली, तेव्हा चेंडू डोनाल्डच्या हाती देण्यात आला. त्याने तो खांबांमधून पार केला. तीन गुण मिळाले. थोड्याच वेळात फ्रान्सने ट्राय करून सात गुण मिळविले. अखेरचा निकाल न्यूझीलंड आठ, फ्रान्स सात. चोवीस वर्षांनंतर विश्वचषक घरी आला, तो अशा माणसाच्या पायाने की ज्याला एक वर्षापूर्वी देशाने निकालात काढले होते. पुढे २०१४ साली त्याच्यावर 'द किक' नावाचा चित्रपटही निघाला.

आता सांगा, सर्वांत वाईट खेळाडू कोण? हाँगकाँगचा डोनाल्ड आणि ऑकलंडचा डोनाल्ड ही दोन माणसे नव्हेत. फरक पडला तो दोन किकांचा. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, 'सर्वांत वाईट खेळाडू' हा वाद मनोरंजक असला तरी पोकळ आहे. राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचलेला गडी आपल्या गावाचा, आपल्या प्रांताचा उत्तम गडी असतोच. त्याच्या हातून चेंडू निसटतो तो एका दुपारी, आणि आपण निवाडा देतो तो त्याच्या साऱ्या आयुष्यावर. शिवाय त्याने स्वतःला निवडलेले नसते. त्याला कोणीतरी निवडलेले असते.

तेव्हा आता निवडणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या चुकांचीही यादी लांबलचक आहे. आम्ही दोनच घेतो.

पहिली गोष्ट बक शेलफर्डची. हा माओरी वंशाचा, अत्यंत चिवट गडी. १९८६ साली फ्रान्समधील नान्त येथे भयंकर जखम झाली असता टाके घालून घेऊन हा पुन्हा मैदानात उतरला होता. १९८७ च्या विश्वचषकानंतर तो कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडने एकही कसोटी सामना गमावला नाही. असे असता १९९० साली स्कॉटलंडविरुद्धची मालिका जिंकून झाल्यावर निवड समितीने त्याला संघातूनच वगळले. त्याच्या जागी आलेला झिंझन ब्रूक हाही मोठा खेळाडू होता, त्यामुळे समितीपाशी कारण नव्हतेच असे म्हणता येत नाही. पण लोक खवळले. 'बकला परत आणा' असे फलक मैदानोमैदानी झळकू लागले, आणि ते वर्षानुवर्षे झळकत राहिले. १९९१ च्या विश्वचषकात न्यूझीलंड उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरले, तेव्हा लोकांनी तो पराभव समितीच्याच खात्यावर मांडला.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. 'फुलबॅक' म्हणजे सर्वांच्या मागे उभा राहणारा राखणदार, आणि 'सेंटर' म्हणजे मधल्या फळीत प्रतिपक्षास थोपविणारा. ही दोन कामे वेगळी. १९९९ च्या विश्वचषकात क्रिश्चन कलन या असामान्य फुलबॅकला सेंटरच्या जागी खेळविण्यात आले. उपान्त्य सामन्यात न्यूझीलंड २४-१० असे पुढे असूनही फ्रान्सने त्यांना ४३-३१ असे लोळविले. २००३ साली पुन्हा तेच. तना उमागा जायबंदी झाल्यावर लिऑन मॅक्डोनाल्ड हा फुलबॅक सेंटरला गेला, आणि ऑस्ट्रेलियाने उपान्त्य सामना २२-१० असा जिंकला. २००७ साली तिसऱ्यांदा! मिल्स मुलियाइना हा फुलबॅक सेंटरला गेला, आणि कार्डिफला फ्रान्सने २०-१८ असा घात केला. तिन्ही पराभव केवळ याच कारणाने झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या दगडाला एकदा ठेच लागली त्यालाच आणखी दोनदा पाय मारावा, हे निवड समित्यांनाच जमते.

तरीही या चुकांत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या चुका प्रामाणिक होत्या. निवडणाऱ्यांना जिंकावयाचे होते. त्यांचा अंदाज फसला, पण त्यांची कसोटी खेळाचीच होती. म्हणूनच अशा चुकांतून सुधारणेला वाव राहतो. २००७ च्या पराभवानंतर ग्रॅहम हेन्रीला घालवावे अशी ओरड झाली, पण तेथील रग्बी युनियनने त्यालाच पुन्हा नेमले. त्याच हेन्रीने चार वर्षांनी मासळी पकडणाऱ्या डोनाल्डला हाक मारली. चुकलेल्याला दुसरी संधी मिळाली आणि त्याने चुकलेल्या दुसऱ्याला संधी दिली.

आता आम्ही अशा निवडींकडे येतो की ज्यांत चूक नव्हती, अन्याय होता. त्यांत कोणाला घेतले हा प्रश्नच नाही. कोणाला घेतले नाही, एवढाच प्रश्न आहे.

न्यूझीलंडचे मूळचे रहिवासी माओरी. रग्बी त्यांनी आरंभापासून आपलासा केला. उलट दक्षिण आफ्रिकेत हा गोऱ्यांचा मानबिंदू होऊन बसला होता, आणि आपल्या भूमीवर काळ्यासावळ्या गड्याशी खेळावयास ते तयार नव्हते. १९१९ साली न्यूझीलंडच्या सैनिकांचा संघ महायुद्ध संपवून परतताना दक्षिण आफ्रिकेत खेळावयास गेला. त्या संघात नॅथॅनिएल विल्सन नावाचा नामांकित गडी होता. त्याचे वडील वेस्ट इंडीजचे, आई इंग्रज. त्याला सगळे 'रणजी' म्हणत. आपल्या रणजितसिंहांचे नाव क्रिकेटच्या मैदानावरून कोठवर पोहोचले होते, हे त्यावरून दिसेल. पण या रणजीला दक्षिण आफ्रिकेत सामने खेळता आले नाहीत. वर्णामुळे त्याला तेथे उतरूच दिले नाही. ज्या राजासाठी तो युद्धात गेला, त्याच राजाच्या दुसऱ्या राज्यात त्याला खेळावयास बंदी झाली.

१९२४-२५ साली न्यूझीलंडचा संघ इंग्लंड, फ्रान्स वगैरे देशांच्या दौऱ्यावर गेला आणि बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकून आला. त्या बत्तीसही सामन्यांत खेळलेला फुलबॅक जॉर्ज नेपिया हा माओरी होता, आणि दौरा सुरू झाला तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस. चार वर्षांनी, १९२८ साली, संघ दक्षिण आफ्रिकेस जावयाचा झाला. नेपियाचे नाव यादीत नव्हते. दुसरा माओरी खेळाडू जिमी मिल याचेही नव्हते. त्यांच्या खेळाविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. यजमानास ते नको होते, आणि पाहुण्याने त्यांना घरी ठेवले.

१९४९ साली पुन्हा हेच घडले. दुसऱ्या महायुद्धात अठ्ठाविसावी माओरी पलटण उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढून आली होती. युद्ध संपून चार वर्षे झाली नाहीत तोच जॉनी स्मिथ, व्हिन्स बेव्हन अशा खेळाडूंना माओरी रक्तामुळे दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून वगळण्यात आले. 'त्यांचा तेथे अपमान होऊ नये म्हणून आम्ही त्यांना नेत नाही' असा युक्तिवाद पुढे करण्यात आला. अपमान टाळण्यासाठी अपमान करावयाचा, हे तर्कशास्त्र आपणांसही अगदीच अपरिचित नसावे! दौऱ्यात न्यूझीलंडने चारही कसोट्या गमावल्या. पहिल्या कसोटीत ओकी गेफिन या एकट्या गड्याने पाच पेनल्टी साधून पंधरा गुण केले, आणि न्यूझीलंडचे अकरा गुण अपुरे पडले. त्या संघाला हाफबॅकची उणीव पदोपदी जाणवत होती, आणि बेव्हन हा उत्तम हाफबॅक मायदेशी होता. ३ सप्टेंबर १९४९ हा दिवस तर त्यांच्या इतिहासात विलक्षण आहे. त्या एकाच दिवशी न्यूझीलंडचे दोन राष्ट्रीय संघ दोन देशांत खेळले. एक डर्बनला दक्षिण आफ्रिकेशी हरला, दुसरा वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाशी हरला. वेलिंग्टनच्या संघाचा कर्णधार होता जॉनी स्मिथ. म्हणजे घरी जो देशाचे नेतृत्व करावयास लायक, तोच परदेशी साधा गडी म्हणूनही नालायक!

येथे कोणी टाळी वाजवून म्हणेल, 'पाहा, अन्याय केला आणि शिक्षा भोगली.' श्रोतेहो, हा निष्कर्ष मोहक आहे, पण तो आम्ही स्वीकारीत नाही. १९२८ साली नेपियावाचून गेलेल्या संघाने मालिका दोन-दोन अशी बरोबरीत सोडविली होती. उलट १९७० साली न्यूझीलंडने आपल्या संघात सिड गोइंग, ब्रायन विल्यम्स असे माओरी व सामोअन वंशाचे खेळाडू नेले, तरीही मालिका तीन-एक अशी गमावली. तेव्हा गुणफलकावर न्याय मोजता येत नाही. १९४९ चे चारही सामने न्यूझीलंडने जिंकले असते, तरी ती निवड तितकीच वाईट ठरली असती. डोनाल्डची किक चुकली म्हणून त्याची निवड वाईट म्हणावयाची, तर ती साधल्यावर चांगली म्हणावी लागते. पण नेपियाला वगळणे हे कोणत्याही किकेने चांगले ठरत नाही. आमच्या मते वाईट निवडीची खरी ओळख हीच.

आणि ही ओळख पटलेले लोक न्यूझीलंडमध्येच निघाले, हे त्या देशाचे भूषण. १९६० च्या दौऱ्यातही माओरींना नेणार नाहीत असे ठरले, तेव्हा 'माओरी नाहीत तर दौरा नाही' ही घोषणा उठली. सुमारे चोवीस लाख लोकवस्तीच्या त्या देशात दीड लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज सादर झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली होती. तरीही पंतप्रधान वॉल्टर नॅश यांनी हस्तक्षेप केला नाही आणि संघ गेला. पण सह्या वाया गेल्या असे मात्र नाही. १९६७ चा दौरा रद्द झाला. १९७० साली माओरी गेले, तेही 'मानद गोरे' अशी पदवी लावून. म्हणजे उपकारातही टोचणी होतीच. १९७६ साली न्यूझीलंडचा संघ पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेला, म्हणून वीसहून अधिक देशांनी, त्यांतही बहुतेक आफ्रिकेतल्या, मॉन्ट्रिऑलच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये आला, तेव्हा हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. बाप-लेक, शेजारी-शेजारी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. रग्बीवर जीव टाकणाऱ्या माणसांनी रग्बीचा सामना बंद पाडला, ही गोष्ट लहान नव्हे.

अखेर २०१० च्या मे महिन्यात न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांच्या रग्बी युनियननी वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. नेपिया १९८६ सालीच वारला होता. बेव्हन १९९६ साली गेला. ज्यांच्यासाठी ती माफी होती, त्यांतील कित्येकांना ती ऐकू जाण्याचा संभवच राहिला नव्हता.

आता हे साल लक्षात घ्यावे. २०१० हेच हाँगकाँगच्या त्या किकेचेही साल. त्या वर्षी एकीकडे ही माफी मागितली गेली, आणि दुसरीकडे पाच महिन्यांनी एका तरुण गड्याच्या नावाने देश बोटे मोडीत होता. डोनाल्डला आपला डाग पुसावयास एक वर्ष पुरले, कारण त्याला कोणीतरी पुन्हा मैदानावर बोलाविले. नेपियाला दक्षिण आफ्रिकेच्या मैदानावर कधी बोलाविलेच गेले नाही. तेथे तो चांगला खेळला असता की वाईट, हे कधीच कोणास कळणार नाही. त्याला चुकण्याचीही संधी मिळाली नाही.

म्हणून आमची आपणांस एवढीच विनंती आहे. संघ हरला की वाद अवश्य घालावा. त्यावाचून खेळाला रंग नाही. पण तो घालताना मैदानात उतरलेल्या पंधरांच्या यादीवरच थांबू नये. त्या यादीच्या बाहेर कोण राहिले, आणि ते ज्या कारणाने राहिले ते कारण चारचौघांत उघड सांगता येईल काय, हेही विचारावे. हाच प्रश्न शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि पदाधिकाऱ्याच्या निवडीलाही लावून पाहावा. ज्या निवडीचे कारण उघड सांगता येते, ती फसली तरी क्षम्य आहे. जिचे कारण दडवावे लागते किंवा गोड शब्दांत गुंडाळावे लागते, ती जिंकून आली तरी वाईटच.